कामापुरती किल्ली

नारायण पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या खोलीत एक जुना संगणक आहे. तो ज्यांचा आहे ते काका आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते. चाळीसेक वर्षांत त्यांनी गाण्याच्या कॅसेट जमवल्या. घरगुती बैठका, गणपतीतले कार्यक्रम, कुणाच्या साठीनिमित्त झालेली मैफल, असा तो साठा. निवृत्तीनंतर त्यांनी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या. आता त्यातून निवड करून ते सीडी राइट करतात आणि आपल्या वयाच्या मित्रांना देतात. या मित्रांच्या घरी सीडी प्लेअर अजून चालू आहे, फोनवर गाणे शोधून ऐकणे मात्र त्यांना जमत नाही. एका सीडीत ऐंशी मिनिटे मावतात. एक राग सविस्तर, एक छोटा ख्याल आणि शेवटी एखादे नाट्यपद, असा हिशेब काका वहीत पेन्सिलीने मांडतात.

यंत्र जुने झाले, नवे विंडोज त्याला पेलेना, म्हणून त्यांच्या भाच्याने त्यावर डेबियनवर आधारलेली लिनक्सची एक हलकी आवृत्ती टाकून दिली. गाणी वाजली, मराठी टायपिंग झाले, सगळे सुरळीत चालले. मग काकांनी सीडी राइट करायला घेतली आणि पडद्यावर ओळ आली, ‘परवानगी नाकारली’. काकांचा मला फोन आला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. ‘अरे, माझ्या हातून काही बेकायदा झालं का? रेकॉर्डिंग माझं, सीडी माझी, यंत्र माझं. मग परवानगी कोणाची घ्यायची?’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. संगणकाच्या जगात परवानगी हा शब्द आपण रोज पाहतो आणि बटण दाबून पुढे जातो. काकांनी तो शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने घेतला आणि विचारले, की कोणाची, कशासाठी आणि किती?

मी जाईपर्यंत दोन दिवस गेले. तेवढ्यात भाच्याने फोनवरून उपाय सांगून टाकला होता. सीडी राइट करण्याचा प्रोग्रॅम रूट म्हणून उघडायचा. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. त्याला कुठलेही दार बंद नसते. रूटचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला होता. सीडी झाली, काका खूश झाले. दुसऱ्या दिवशी मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. आदल्या दिवशी रागवार लावून साठवलेल्या गाण्यांच्या याद्या त्यांना बदलता येईनात. प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालला होता, त्यामुळे त्याने साठवलेल्या अकराही याद्या रूटच्या मालकीच्या झाल्या होत्या. त्यात एक गाणे वाढवायचे, तर पुन्हा रूट. नव्याने साठवायचे, तरी रूट. एकदा मोठी किल्ली वापरली की पुढच्या प्रत्येक दाराला तीच लागते, हे त्या अकरा याद्यांत स्पष्ट दिसत होते.

मूळ बिघाड अगदी छोटा होता. लिनक्समध्ये जवळजवळ प्रत्येक उपकरण फाइलीसारखे दिसते आणि प्रत्येक फाइलीपुढे तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात, मालकाचे, एका गटाचे आणि इतरांचे. सीडी ड्राइव्हची ओळ मी काकांना दाखवली. मालक रूट, त्याला वाचण्या-लिहिण्याचा हक्क. गट ‘सीडीरॉम’, त्यालाही तोच हक्क. इतरांच्या जागी तीन आडव्या रेघा, म्हणजे काहीही नाही. भाच्याने लिनक्स टाकताना पहिले खाते स्वतःच्या नावाने उघडले होते. पहिल्या खात्याला ‘सीडीरॉम’ गटाचे सभासदत्व आपोआप मिळाले. काकांचे खाते नंतर उघडले, ते गटाबाहेर राहिले. ज्यांच्या टेबलावर यंत्र आहे, जे वीजबिल भरतात, ते त्या तीन आडव्या रेघांमध्ये उभे होते.

मग काका कोणकोणत्या गटात आहेत ते पाहिले आणि मी थबकलो. त्यांच्या नावाचा एक गट होता, तो असतोच. दुसरा होता ‘डिस्क’. भाच्याचा पहिला प्रयत्न तो होता. डिस्क राइट करायची आहे, म्हणून त्याने काकांना डिस्क नावाच्या गटात घातले. मराठीत बोलताना आणि लिहिताना सीडी आणि हार्ड डिस्क या दोन्हींना आपण डिस्कच म्हणतो. लिनक्समधला डिस्क गट मात्र यंत्रातल्या हार्ड डिस्कचा आहे. त्या गटातला माणूस फाइलींवरचे सगळे पहारे ओलांडून थेट तबकडीवर वाचू-लिहू शकतो. जाणकार या गटाला जवळजवळ रूटच मानतात. त्या गटाने सीडीचे काम होणार नव्हतेच, झालेही नाही. मग भाच्याने रूटची वाट धरली आणि डिस्कमधले नाव काढायचे राहून गेले. म्हणजे काकांच्या हातात सबंध यंत्र पुसून टाकण्याइतकी ताकद होती आणि एक सीडी राइट करण्याइतकी मुभा नव्हती.

मला या लेखात जे म्हणायचे आहे ते सगळे या एका प्रसंगात आले आहे. अधिकार फार दिला जातो ही तक्रार आपण ऐकतो. अधिकार मिळतच नाही, हीदेखील ऐकतो. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे, की त्या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. छोटा, रास्त, रोजच्या कामाचा हक्क देताना हात आखडला, की गरजवंत माणूस मोठा, बेहिशेबी हक्क मिळवतो, आणि देणाराही कंटाळून तो देऊन टाकतो. उधळपट्टीची सुरुवात कंजूषपणात असते. म्हणून उपाय ‘अधिक कडक’ हाही नाही आणि ‘अधिक सैल’ हाही नाही. किल्ली कामापुरती घडवावी लागते आणि ती ज्याचे काम त्याच्या हातात सहज पोचावी लागते.

सीडी राइट करण्याच्या तंत्राचा इतिहासच याची साक्ष देतो. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी एक सुंदर युक्ती काढली. अधिकार माणसाला द्यायचा नाही, ठरावीक प्रोग्रॅमला द्यायचा. सामान्य माणसाने तो प्रोग्रॅम चालवला, की तेवढ्या कामापुरता तो मालकाच्या अधिकाराने चालतो. पासवर्ड बदलण्याचा प्रोग्रॅम असाच असतो. पासवर्डांची वही सामान्य माणसाला उघडता येत नाही, पण या प्रोग्रॅमच्या हातून प्रत्येकाला आपली आणि फक्त आपली ओळ बदलता येते. या कल्पनेचे पेटंट रिचींच्या नावावर १९७९ साली मंजूर झाले. दार बंद ठेवूनही काम होऊ देणारी ती खिडकी होती.

पुढे लिनक्सवर सीडी राइट करणारा ‘सीडीरेकॉर्ड’ हा प्रोग्रॅम अनेक ठिकाणी याच युक्तीने रूटचा अधिकार देऊन बसवला जाई. तेव्हा त्याला खरेच कारण होते. सीडीवर लेसर चालू असताना माहितीचा ओघ क्षणभर जरी तुटला तरी कोरी सीडी वाया जाई. ओघ तुटू नये म्हणून प्रोग्रॅमला प्रोसेसरवर पहिला हक्क आणि मेमरीत पक्की जागा हवी असे. हे दोन्ही मागण्याचा अधिकार फक्त रूटला होता. सन २००० मध्ये सान्यो कंपनीने ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणले. ओघ तुटला तर ड्राइव्ह थांबतो आणि जिथे थांबला तिथूनच पुढे लिहू लागतो. काही वर्षांत अशी सोय जवळजवळ प्रत्येक रायटरमध्ये आली. म्हणजे रूटचा अधिकार देण्याचे मुख्य कारण संपले. पण ‘सीडी राइट करायची तर रूट व्हा’ हा सल्ला पुढेही वर्षानुवर्षे तोंडोतोंडी चालू राहिला. काकांच्या भाच्याने तो कुठून तरी ऐकलेलाच होता. कारण संपले तरी अधिकार उरतो. कोणीतरी मुद्दाम बसून, हा हक्क कशासाठी दिला होता असे विचारल्याशिवाय तो परत घेतला जात नाही.

याच इतिहासात उलट बाजूचाही धडा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये मँड्रेक लिनक्सची ९.२ ही आवृत्ती आली आणि ती टाकताना काही एलजी सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे निकामी झाले. लिनक्सने पाठवलेला आदेश मानकानुसार निरुपद्रवी होता, ‘साठवून ठेवलेले लिहून टाक’ एवढाच त्याचा अर्थ. त्या ड्राइव्हनी मात्र तोच आदेश आपले अंतर्गत सॉफ्टवेअर बदलण्यासाठी वापरला होता. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तरी एका चुकीच्या शब्दाने यंत्र कायमचे मुके झाले. सीडी ड्राइव्हसारख्या साध्या वस्तूला आतून एवढी इजा होऊ शकते, हे तेव्हा कळले.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, लिनक्स कर्नलच्या २.६.८ या आवृत्तीत एक गाळणी बसवली गेली. तोवर ज्याला ड्राइव्ह उघडता येई त्याला ड्राइव्हकडे कोणताही आदेश पाठवता येत असे, आतले सॉफ्टवेअर पुसण्याचासुद्धा. आता वाचण्याचे आदेश वाचण्याचा हक्क असणाऱ्याला, लिहिण्याचे आदेश लिहिण्याचा हक्क असणाऱ्याला आणि यादीत नसलेले सगळे फक्त रूटला, अशी वाटणी झाली. विचार अगदी योग्य होता. पण पहिली यादी अपुरी होती. सीडी राइट करायला लागणारे काही आदेश तिच्यात नव्हते, त्यामुळे सामान्य माणसांच्या सीडी राइट होईनात. मग लोकांनी काय केले? प्रोग्रॅम रूट म्हणून चालवले. ज्या गाळणीचा हेतू धोकादायक आदेश अडवणे हा होता, तिच्या अपुरेपणामुळे लोक अशा ठिकाणी पोचले जिथे गाळणीच नसते. पुढच्या आवृत्त्यांत यादी सुधारली तेव्हा हे प्रकरण निवळले. सुरक्षेच्या नावाखाली रास्त काम अडले, तर सुरक्षा आणखी खाली जाते.

हे तत्त्व संगणकशास्त्राला नवीन नाही. जेरोम सॉल्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात आठ तत्त्वे सांगितली आहेत. त्यातले ‘ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार’ हे तत्त्व आज प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. त्याच यादीतले आठवे तत्त्व मात्र फारसे कोणी सांगत नाही. संरक्षणाची व्यवस्था वापरायला इतकी सोपी असावी, की माणसाच्या हातून ती सहज आणि नेहमी योग्य रीतीने वापरली जावी. कामापुरत्या अधिकाराचे तत्त्व शिकलेला माणूस कुलपे लावतो. आठवे विसरला, की ती कुलपे तोडायला तोच लोकांना शिकवतो.

आणि हा विचार समजायला इंग्रजी निबंधही लागत नाही. शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था सभासदाच्या बखरीत आली आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तीन अधिकारी समान दर्जाचे, तिघांनी मिळून कारभार करायचा. त्याशिवाय कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. गड एकट्याच्या मुठीत जाऊ नये ही दृष्टी त्यामागे होती. पण प्रत्येकाला आपले काम पूर्ण करण्याइतका अधिकार होता, ही बाजूही तितकीच महत्त्वाची. कोठार उघडण्यासाठी सबंध गडाची सत्ता लागत नव्हती.

आता आपल्या आजच्या कार्यालयांकडे पाहू. मी पुण्यात अनेक ठिकाणी संगणकाच्या कामासाठी गेलो आहे. साहेबांच्या डिजिटल सहीची पेनड्राइव्ह ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि तिचा पिन टेबलाच्या काचेखाली, हे दृश्य मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. एका हाउसिंग सोसायटीत चिटणीस, खजिनदार, मॅनेजर आणि संध्याकाळी येणारा हिशेबनीस असे चौघे एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने लॉगिन करत होते. यातला कोणीही अप्रामाणिक नव्हता. हिशेबनिसाला पावत्या छापायच्या होत्या. त्याच्यासाठी वेगळे खाते उघडायला सहा महिन्यांत कोणाला वेळ झाला नाही, म्हणून चिटणिसांनी आपला पासवर्ड सांगितला. पावती छापण्याची छोटी किल्ली मिळाली नाही, म्हणून तिजोरीची मिळाली. नारायण पेठेत जे घडले तेच इथेही घडले.

उद्या त्या सोसायटीच्या हिशेबात एखादी चुकीची नोंद सापडली, तर ती कोणी केली हे कोण सांगणार? नोंदीपुढे नाव एकच आहे. निरपराध माणसाला स्वतःला निरपराध सिद्ध करता येणार नाही. वेगळे खाते आणि मोजका अधिकार म्हणजे आपल्यावरचा अविश्वास, असे अनेकांना वाटते. खरे म्हणजे ते माणसाच्या अब्रूचे संरक्षण आहे.

हा मुद्दा सीडीच्याच बाबतीत आपल्या राज्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. सन २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी त्याला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला असा त्यांचा आक्षेप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण त्यासाठी महत्त्वाचे होते. चित्रणाच्या सीडी मिळाल्या. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर लागणारे, पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. प्रमाणपत्र आवश्यकच आहे, पण मागणाऱ्याने जे शक्य ते सगळे केले आणि देणाऱ्याने दिलेच नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या खटल्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, सीडी स्वतः बोलत नाही. ती ज्या यंत्रावर झाली त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाला आपल्या नावाने सांगावे लागते, की ही अशी, या यंत्रातून झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तर प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि फाइलीचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, नोंदवावा लागतो. ज्या कार्यालयात सगळे एकाच रूटच्या नावाने काम करतात, तिथे हे प्रमाणपत्र देणाऱ्याने कशाच्या बळावर सही करायची? दुसरी गोष्ट, एक साधे, देय असलेले प्रमाणपत्र वेळेवर न मिळाल्याने केवढा मोठा कायदेशीर प्रश्न उभा राहिला. छोट्या हक्काची अडवणूक इथेही मोठी होऊन परत आली.

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा, की घरचे यंत्र आहे, एकटा माणूस वापरतो, चोर कुठून येणार? सर्वाधिकार असला तर काय बिघडले? पण घरातला पहारा शेजाऱ्यासाठी नसतोच. तो आपल्याच चुकलेल्या बोटासाठी असतो आणि आपल्या नावाने चालणाऱ्या, आपण न वाचलेल्या प्रोग्रॅमसाठी असतो. सीडीवर घ्यायच्या फाइली निवडताना चुकून सबंध फोल्डर पुसला गेला, तर सामान्य खात्यात गाणी जातील. रूटच्या खात्यात यंत्र जाईल.

दुसरा आक्षेप असा, की सीडीचा जमाना संपला. सीडी कमी झाल्या हे खरे आहे. पण हाच प्रश्न स्कॅनरशी, प्रिंटरशी, कॅमेऱ्याशी, यूएसबीला लावलेल्या प्रत्येक उपकरणाशी येतो. आजचे तरुण प्रोग्रॅमर कामासाठी ‘डॉकर’ नावाच्या गटात स्वतःला घालून घेतात. तो गट दिसायला साधा, पण त्यातून रूटपर्यंत सरळ रस्ता जातो. काकांच्या डिस्क गटाचेच हे नवे रूप आहे. किल्लीवर लिहिलेले नाव आणि ती प्रत्यक्षात किती दारे उघडते, यातले अंतर तपासण्याची सवय सीडीबरोबर जुनी होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सामान्य माणसाने हे सगळे का शिकावे? काकांना गाणी वाटायची आहेत, गट आणि हक्क यांचा अभ्यास करायचा नाही. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच व्यवस्था घडवणाऱ्यांवर जास्त जबाबदारी येते. आजच्या बहुतेक मोठ्या लिनक्स आवृत्त्यांत याचे चांगले उत्तर सापडले आहे. यंत्रापुढे प्रत्यक्ष बसून ज्याने लॉगिन केले, त्याला सीडी ड्राइव्हचा हक्क आपोआप मिळतो. तो उठला, दुसरा बसला, की हक्क त्याच्याकडे जातो. उपकरणाच्या ओळीत हक्कांच्या अक्षरांनंतर लगेच एक अधिक चिन्ह दिसते, ते या हक्काचे. देवळातल्या गुरवांच्या पाळीसारखी ही रीत आहे. ज्याची पाळी, त्याच्याकडे गाभाऱ्याची किल्ली. पाळी संपली की ती पुढच्याकडे. मालकी कोणाची, हा वाद तिथे उद्भवत नाही. दुरून नेटवर्कवरून आत आलेल्याला हा हक्क मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. ट्रेमध्ये सीडी घालणारा हात ज्याचा, तिच्यावर लिहिण्याचा हक्क त्याचा. काकांच्या हलक्या आवृत्तीत ही सोय चालू नव्हती, म्हणून तिथे गटाचा जुना मार्ग धरावा लागला.

तरीही एक गोष्ट उरते, ती भाषेची. ‘परवानगी नाकारली’ या ओळीने काकांना आपण गुन्हेगार आहोत असे वाटले. इंग्रजी ओळीचे ते बिनचूक भाषांतर आहे, पण मराठीत त्या शब्दांमागे कचेरीतला साहेब उभा राहतो. आपल्याकडे परवानगी मागावी लागते, मुभा दिलेली असते आणि हक्क असतोच. यंत्राला म्हणायचे होते ते एवढेच, की ‘या खात्याला सीडी ड्राइव्ह वापरण्याची मुभा अजून दिलेली नाही; यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्याने हे खाते सीडीरॉम गटात घालावे.’ ही ओळ वाचून काकांनी भाच्याला नेमके तेच सांगितले असते. डिस्क गट नाही, रूट नाही, चिठ्ठी नाही. पुण्यातल्या मंडळींनी लिनक्सच्या मराठीकरणात मोठे काम केले आहे. त्या कामाचा पुढचा टप्पा मला असा दिसतो. शब्दाला शब्द मिळाला, आता अडलेल्या माणसाला पुढची पायरी सांगणारी वाक्ये हवीत.

लिनक्स आणि सीडी यांचे नाते या शहराला अनोळखी नाही. इंटरनेट मंद आणि महाग होते तेव्हा लिनक्स पुण्यात सीडीवरूनच पसरले. मासिकांबरोबर सीडी येत. उबुंटूची सीडी मागवली की पोस्टाने फुकट घरी येई. ती सोय २०११ पर्यंत होती. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपची मंडळी आणि मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारा ‘ग्नूनिफाय’ मेळावा यांनी अनेकांना या वाटेवर आणले. मी एक प्रत करतो, ती तू घे, तू दुसऱ्याला दे, ही मुक्त सॉफ्टवेअरची वृत्ती. काका मित्रांना सीडी वाटतात तेव्हा तेही नकळत तेच करत असतात. ज्या व्यवस्थेचा जन्म वाटून घेण्याच्या इच्छेतून झाला, तिने वाटू पाहणाऱ्याचा हात अडवू नये.

त्या दुपारी आम्ही काम सुरू केले. काकांचे खाते सीडीरॉम गटात घालायचे होते. आदेश मी सांगितला, टाइप काकांनी केला. गटासाठीच्या मोठ्या ‘जी’ आधी छोटा ‘ए’ लावायचा, नाहीतर स्वतःच्या नावाचा गट सोडून आधीचे सगळे गट निघून जातात आणि जोडीला एवढाच उरतो, हे मी दोनदा बजावले. ‘ए म्हणजे अधिक,’ काका म्हणाले आणि वहीत तसे लिहूनही घेतले. इंग्रजीत तो शब्द वेगळा आहे, पण त्यांची खूण त्याहून चांगली होती. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. गटांची यादी यंत्र लॉगिनच्या वेळीच हातात देते, मधे झालेला बदल त्याला कळत नाही, म्हणून हे करावे लागते. अकरा याद्यांची मालकी काकांच्या नावावर करून घेतली. रूटच्या पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरवरून काढून पाकिटात घातली आणि पाकीट कपाटात, घराच्या कागदपत्रांजवळ ठेवले.

सीडी राइट व्हायला लागली. ट्रेमधून तो ओळखीचा घरघरीचा आवाज आला. मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात काकांनी वहीतल्या नोंदीवर बोट ठेवले.

‘आणि ते डिस्क गटातलं नाव? ते अजून तसंच आहे ना?’

‘आहे. राहिलं तरी आज काही अडणार नाही.’

‘अडणार नाही, पण माझं तिथे काम काय? काढून टाकू.’

सीडी पूर्ण होईपर्यंत आम्ही थांबलो. ट्रे बाहेर आला. काकांनी सीडी कडेने धरून उचलली, तिच्यावर मार्करने रागाचे नाव आणि तारीख लिहिली. मग चष्मा नीट करून, एकेक अक्षर जुळवत, त्यांनी स्वतःचे नाव डिस्क गटातून काढले.